विकलेला माल परत घेता येत नाही तेव्हा

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपल्याकडच्या कापडदुकानात गिऱ्हाइकाला दटावण्यासाठी लावलेली असते. पेसमेकर बनवणाऱ्या कंपनीला ती लावावी लागत नाही, कारण तिथे माल परत घेणे जवळजवळ अशक्यच असते. पेटी गिऱ्हाइकाच्या खांद्याखाली, कातडीच्या आत शिवलेली असते आणि तिची तार शिरेतून थेट हृदयात उतरलेली असते. माल सदोष निघाला तर पुन्हा भूल, पुन्हा छेद, आणि कधी कधी दोषापेक्षा दुरुस्तीतच जिवाला जास्त धोका.

अशा धंद्यात वाढायचे कसे? सावकाश गेले तर दुसरा कुणी चांगले यंत्र काढून बाजार घेऊन जातो. घाई केली तर अर्धवट तपासलेली वस्तू लाखो शरीरांत जाऊन बसते. अमेरिकेत मिनियापोलिसला जन्मलेल्या मेडट्रॉनिक या कंपनीने गेल्या पाऊणशे वर्षांत हे दोन्ही करून पाहिले आणि दोन्हींची किंमत मोजली. तरीही आज तिची वर्षाची विक्री ३२ अब्ज डॉलरच्या पुढे आहे. व्यवस्थापनाच्या पुस्तकांतल्या गुळगुळीत यशोगाथांपेक्षा तिची खाचखळग्यांची कहाणी म्हणूनच जास्त शिकवते.

सुरुवात दुरुस्तीच्या दुकानापासून झाली. अर्ल बॅकन हा मिनेसोटा विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकणारा पंचविशीतला तरुण. दुसऱ्या महायुद्धात त्याने सैनिकांना रडार शिकवले होते. बायको एका रुग्णालयात नोकरीला होती. तिला घ्यायला गेला की तो तिथल्या प्रयोगशाळेत गप्पा मारत बसे, आणि हा इलेक्ट्रॉनिक्समधला माणूस आहे हे कळल्यावर बंद पडलेली यंत्रे त्याच्यापुढे येऊ लागली. त्या काळी रुग्णालयांत विजेची उपकरणे भराभर वाढत होती, ती दुरुस्त करणारे मात्र कुणी नव्हते. बॅकनने आपला साडू पामर हर्मंड्स्ली याला लाकडाच्या वखारीतली नोकरी सोडायला लावली आणि २९ एप्रिल १९४९ रोजी दोघांनी मेडट्रॉनिक सुरू केली. जागा म्हणजे रेल्वेच्या दोन मालडब्यांपासून केलेले गॅरेज. मिनेसोटाच्या हिवाळ्यात आत शेगडी पेटवायची आणि उन्हाळ्यात छपरावर बागेच्या नळीने पाणी मारायचे. पहिल्या महिन्याची कमाई ८ डॉलर.

दुरुस्तीच्या जोडीला ते एका मोठ्या कंपनीच्या वैद्यकीय उपकरणांची एजन्सीही चालवत. त्यात पैसा बेताचाच होता, पण एक गोष्ट फुकट मिळत होती, ती म्हणजे शस्त्रक्रियागृहात प्रवेश. तेव्हाची उपकरणे इतकी लहरी होती की शस्त्रक्रिया चालू असताना त्यांच्याजवळ कुणी जाणकार उभा लागे. बॅकन गाऊन चढवून उभा राहायचा. डॉक्टर कशावर वैतागतात, नर्सचा हात कुठे अडखळतो, कुठली वायर पायात येते, हे सगळे तो आपल्या डोळ्यांनी पाहत होता. पुढे या कंपनीने संशोधनावर अब्जावधी डॉलर खर्च केले, पण तिची पहिली मोठी कल्पना या उभे राहण्यातून आली.

मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात तेव्हा डॉ. वॉल्टन लिलेहाय लहान मुलांच्या हृदयातली जन्मजात भोके उघड्या हृदयावर शस्त्रक्रिया करून बुजवत होते. जगात हे करणारे मोजकेच लोक होते. टाके घालताना कधी कधी हृदयाला ठोक्याचा इशारा पोहोचवणारे तंतू दुखावले जात आणि शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही हृदय मंदावत जाई. यावर उपाय म्हणजे हृदयाच्या स्नायूत एक तार अडकवून बाहेरच्या यंत्रातून विजेचे हलके झटके देणे. तंतू भरून येईपर्यंत काही दिवस तेवढे पुरत असे. ते यंत्र मात्र चाकाच्या गाड्यावर ठेवण्याएवढे मोठे होते आणि भिंतीतल्या प्लगवर चाले. मुलाला एका खोलीतून दुसरीकडे न्यायचे तर लांबलचक वायर सोबत ओढत न्यावी लागे.

३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराची वीज गेली आणि काही तास आली नाही. शस्त्रक्रियागृहांना पर्यायी वीज होती, मुलांच्या खोल्यांना नव्हती. त्या रात्री एक बाळ दगावले, असे बॅकन पुढे नेहमी सांगत असे. दुसऱ्या दिवशी लिलेहाय यांनी त्याला विचारले, बॅटरीवर चालणारे काही करता येईल का?

बॅकनच्या डोक्यात आधी मोटारीची बॅटरी आली. मग त्याने हिशेब केला. हृदयाला लागणारा झटका अगदी क्षीण असतो, त्यासाठी एवढ्या धुडाची गरजच नव्हती. इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी लोकांसाठी निघणाऱ्या एका मासिकात त्याने पूर्वी मेट्रोनोमचे सर्किट पाहिले होते. मेट्रोनोम म्हणजे संगीत शिकणाऱ्याला ठेका धरून देणारे यंत्र. दोन ट्रान्झिस्टरचे ते सर्किट ठरावीक वेळाने टिक-टिक करायचे. हृदयाला हवे होते नेमके तेवढेच. बॅकनने त्यात थोडे फेरफार केले, पाऱ्याची छोटी बॅटरी जोडली आणि हातात मावेल अशा ॲल्युमिनियमच्या डबीत सगळे बसवले. चार आठवडे लागले. जनावरांच्या प्रयोगशाळेत एका कुत्र्यावर ती डबी चालली. दुसऱ्या दिवशी बॅकन दुसऱ्याच कामासाठी रुग्णालयात गेला, तर आदल्या दिवशीची डबी एका छोट्या मुलीला जोडलेली आणि तिचे हृदय चालवत असलेली दिसली. हाताशी उपाय असताना मूल गमवायची लिलेहाय यांची तयारी नव्हती.

कल्पनेपासून रुग्णापर्यंत एक महिना. आजचा कुठलाही इंजिनिअर हे वाचून एकतर हेवा करील किंवा कपाळावर हात मारून घेईल. अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांना विक्रीपूर्वी तपासणी सक्तीची करणारा कायदा आला तो १९७६ साली. त्याआधी डॉक्टरची सद्सद्विवेकबुद्धी आणि इंजिनिअरचे धाडस एवढीच चाळणी होती. ही घाई त्या दिवशी योग्य होती याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. समोर मरू घातलेले मूल होते आणि डबी शरीराबाहेर होती. बंद पडली तर बदलता आली असती. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

शरीराच्या आत बसणारा पेसमेकर आधी स्वीडनने करून पाहिला. ऑक्टोबर १९५८ मध्ये स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या इंजिनिअरला तो बसवला गेला आणि काही तासांतच बंद पडला. लार्सनची चिकाटी अशी, की आयुष्यभरात त्याने २६ पेसमेकर वापरले आणि २००१ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, कर्करोगाने तो गेला. ज्या इंजिनिअरने त्याचा पहिला पेसमेकर बनवला आणि ज्या शल्यविशारदाने तो बसवला, त्या दोघांनंतरही तो जगला.

अमेरिकेत बफेलोजवळ विल्सन ग्रेटबॅच हा इंजिनिअर याच वाटेवर होता. हृदयाचे आवाज नोंदवणारे सर्किट जोडताना त्याच्या हाती चुकीचा रेझिस्टर आला आणि सर्किट ठोके देऊ लागले. नोकरी सोडून, २००० डॉलरच्या शिलकीवर, घरामागच्या धान्याच्या कोठारात त्याने ५० पेसमेकर हाताने बनवले. बायको बेडरूममध्ये बसून ट्रान्झिस्टर तपासून द्यायची. डॉ. विल्यम चार्डॅक यांनी १९६० मध्ये ते माणसांच्या शरीरात बसवायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेडट्रॉनिकने उत्पादनाचे हक्क घेतले. किंमत ३७५ डॉलर.

वर्ष संपता संपता ५० पेसमेकरची मागणी नोंदली गेली होती, आणि दोन वर्षांच्या आत कंपनी दिवाळ्याच्या उंबरठ्यावर आली. यात विरोधाभास वाटतो, पण वाढणाऱ्या धंद्यात ही नेहमीची गोष्ट आहे. माल बनवायला पैसा आज लागतो, गिऱ्हाइकाचा पैसा नंतर येतो. शिवाय कोण काय मागेल ते बनवून द्यायचे, हा दुरुस्तीच्या दुकानातला स्वभाव सुटला नव्हता. डॉक्टरांच्या आणि संशोधकांच्या फर्माईशीवरून कंपनी एकेक नग बनवत होती, त्यांतले बहुतेक पुन्हा कधी विकले जात नव्हते. बाहेरून भांडवल उभे राहिले तेव्हा पैसे घालणाऱ्यांचा साधा प्रश्न होता: तुम्ही नक्की करता काय?

याचे उत्तर बॅकनने सहा कलमांत लिहून ठेवले होते. पहिल्यात वेदना कमी करणे, आरोग्य परत मिळवून देणे आणि आयुष्य वाढवणे हे उद्दिष्ट होते. दुसऱ्यात, आपले बळ जिथे आहे तिथेच वाढायचे. तिसऱ्यात वस्तूची विश्वासार्हता आणि दर्जा. रास्त नफा चौथ्या कलमात येतो. कंपन्यांची ध्येयवाक्ये बहुधा स्वागतकक्षातल्या भिंतीवर टांगण्यापुरती असतात. हे मात्र कामाचे होते, कारण काय करायचे नाही ते त्यातून कळत होते. फर्माईशी कामे बंद झाली, पेसमेकर राहिला आणि काही वर्षांत कंपनी सावरली. पुढची अनेक दशके नव्या कर्मचाऱ्याला बॅकन स्वतः एक पदक देत असे. त्यावर शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठून उभा राहणारा माणूस कोरलेला असे.

१९७० साली पेसमेकरच्या बाजारातला सुमारे ७० टक्के हिस्सा मेडट्रॉनिकचा होता. इथून घसरण सुरू होते, आणि ती सुरू झाली बॅटरीपासून.

पाऱ्याची बॅटरी जेमतेम दोन वर्षे टिकायची. शिवाय तिच्यातून हायड्रोजन वायू सुटत असल्याने पेसमेकर पूर्ण हवाबंद करता येत नव्हता. तो इपॉक्सीच्या गोळ्यात बसवायचा. वायू त्यातून झिरपून बाहेर जाई, आणि त्याच वाटेने शरीरातला ओलावा हळूहळू आत शिरे. ग्रेटबॅच आता नव्या बॅटरीच्या मागे लागला होता. लिथियम-आयोडिनची बॅटरी वायू सोडत नाही, त्यामुळे पेसमेकर धातूच्या कवचात झाळून टाकता येतो, आणि ती अनेक वर्षे चालते. मेडट्रॉनिक जुन्या बॅटरीला चिकटून राहिली. दर दोन वर्षांनी पेटी बदलायची म्हणजे दर दोन वर्षांनी विक्री, हे आकडेमोड करणाऱ्याला न सुचणे कठीण, पण मोठे कारण बहुधा साधे असावे. जे चांगले विकले जात आहे ते मोडायला कुणाचा हात धजत नाही.

मॅनी व्हिलाफान्या हा न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये गरिबीत वाढलेला पोर्तोरिकन कुटुंबातला मुलगा. मेडट्रॉनिकचा माल तो लॅटिन अमेरिकेत विकत होता. १९७२ मध्ये तो आणि काही सहकारी बाहेर पडले, त्यांनी कार्डियाक पेसमेकर्स इन्कॉर्पोरेटेड ही कंपनी काढली आणि लिथियमचा पेसमेकर बाजारात आणला. हृदयरोगतज्ज्ञांना समजावून सांगण्याची फारशी गरज पडली नाही. सहा वर्षांत ही कंपनी औषधांच्या एका बड्या कंपनीने १२.७ कोटी डॉलरना विकत घेतली. तोवर व्हिलाफान्याने तीही सोडून कृत्रिम झडपा बनवणारी सेंट ज्यूड मेडिकल काढली होती. मिनेसोटात आज वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांचे जे जाळे आहे, त्यातले बरेच धागे असे मेडट्रॉनिकमधून रागावून किंवा कंटाळून बाहेर पडलेल्यांनी विणलेले आहेत.

इकडे मेडट्रॉनिकला ओलाव्यामुळे पेसमेकर परत घ्यावे लागले, मग १९८० च्या दशकात तारांवरचे आवरण शरीरात खराब होऊ लागल्याचे उघड झाले. १९८६ पर्यंत बाजारातला हिस्सा खूपच घसरला होता. कंपनीत हुशार माणसांची कमतरता नव्हती. अडचण वेगळीच होती. एखाद्या नव्या पेसमेकरचे काम निम्म्यावर आले की प्रतिस्पर्धी काहीतरी नवे काढायचा, विक्रेते ओरडायचे, आराखडा बदलायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशाने काहीच वेळेवर बाहेर पडत नव्हते. उत्पादनविकासाची सूत्रे माइक स्टीव्हन्सच्या हाती आल्यावर त्याने एक रूक्ष वाटणारा नियम घातला. नव्या मॉडेलची तारीख आधी ठरेल आणि ती हलणार नाही. एक पायाभूत आराखडा करायचा, त्यातूनच स्वस्त आणि महाग प्रकार काढायचे. मधेच सुचलेली कल्पना कितीही चांगली असली तरी ती पुढच्या खेपेला. उशीर आणि घाई या दोन्ही रोगांवर हे एकच औषध होते. पुढची खेप नक्की निघणार हे माहीत असले, की अर्धवट गोष्ट या खेपेत कोंबावी लागत नाही. दहा वर्षांत निम्म्याहून अधिक बाजार परत आला.

१९८९ मध्ये बिल जॉर्ज अध्यक्ष म्हणून आला. आरोग्यक्षेत्राचा त्याला अनुभव नव्हता, म्हणून तो बॅकनसारखाच शस्त्रक्रिया पाहायला जाऊ लागला. सुरुवातीलाच एका अँजिओप्लास्टीत मेडट्रॉनिकची फुग्याची नळी रुग्णाच्या शरीरात असतानाच खिळखिळी झाली. संतापलेल्या डॉक्टरांनी रक्ताने माखलेली ती नळी जॉर्जच्या दिशेने भिरकावली, तो कसाबसा वाकून चुकवता झाला. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की ही तक्रार विक्रेत्याने आधीच लिहून पाठवली होती. पण ती सात विभागांतून फिरत फिरत नळी बनवणाऱ्या इंजिनिअरपर्यंत जायची. गॅरेजच्या काळात हे अंतर शून्य होते, कारण इंजिनिअर टेबलाशेजारीच उभा असे. कंपनी वाढली म्हणजे नेमके काय झाले, तर डॉक्टरचा वैताग आणि इंजिनिअरचे कान यांच्यामध्ये सात खोल्या आल्या. जॉर्जने इंजिनिअरांना पुन्हा शस्त्रक्रियागृहात धाडले, आणि स्वतः शेकडो शस्त्रक्रिया पाहिल्या. तो १९९१ ते २००१ प्रमुख होता, त्या काळात कंपनीचे बाजारमूल्य सुमारे १.१ अब्ज डॉलरवरून ६० अब्जांवर गेले. यातला काही वाटा शेअर बाजाराच्या तेजीचा होता, हेही खरे.

एवढे शिकलेली कंपनी पुन्हा ठेचकाळली. हृदय अचानक भरकटले तर जोरदार झटका देऊन ते ताळ्यावर आणणाऱ्या यंत्राची तार जितकी बारीक तितकी शिरेतून सरकवायला सोपी, म्हणून डॉक्टरांना बारीक तार हवी होती. मेडट्रॉनिकने २००४ मध्ये स्प्रिंट फिडेलिस नावाची जेमतेम दोन मिलिमीटरची तार आणली आणि ती धडाक्यात खपली. २००७ च्या सुरुवातीला मिनियापोलिसमधल्याच डॉ. रॉबर्ट हाउजर यांना आपल्या रुग्णालयातल्या काही रुग्णांत ती तुटलेली आढळली. तार तुटली की यंत्राला खोटे इशारे मिळतात आणि ते शुद्धीत असलेल्या माणसाला पुन्हापुन्हा झटके देऊ लागते. हाउजर हे पूर्वी व्हिलाफान्याच्या त्याच पेसमेकर कंपनीचे प्रमुख होते, त्यामुळे तारांतले त्यांना कळत होते. त्यांनी कंपनीला कळवले आणि लेखही लिहिला. विक्री थांबली ती ऑक्टोबरात. तोवर जगभर सुमारे २ लाख ६८ हजार रुग्णांच्या शरीरात ती तार बसलेली होती. बहुतेकांना सल्ला मिळाला तो ती तशीच राहू देण्याचा, कारण हृदयाला चिकटलेली तार ओढून काढणे हे ती तुटण्याच्या शक्यतेपेक्षा घातक होते. दाव्यांच्या तडजोडीत २०१० मध्ये कंपनीने २६.८ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले.

२०११ मध्ये ढाक्याचा ओमर इश्राक प्रमुख झाला तेव्हा प्रश्न बदलला होता. श्रीमंत देशांतला बाजार भरत आला होता आणि वाढ भारत-चीनमध्ये शोधायची होती. इश्राकने दोन वाटा धरल्या. पहिली विकत घेण्याची: २०१५ मध्ये सुमारे ५० अब्ज डॉलरना कोव्हिडियन ही कंपनी घेतली आणि त्यासोबत मुख्यालय कागदोपत्री आयर्लंडला नेले. कराच्या हिशेबाने ते शहाणपणाचे होते, मिनेसोटात त्यावर बरीच टीका झाली. दुसरी वाट इकडची, भारतातली. इथे कंपनीची गाठ पडली दिल्लीतल्या राष्ट्रीय औषध मूल्य नियामक प्राधिकरणाशी. फेब्रुवारी २०१७ मध्ये प्राधिकरणाने अँजिओप्लास्टीत धमनी उघडी ठेवण्यासाठी बसवतात त्या जाळीदार नळीची, म्हणजे स्टेंटची, किंमत बांधली: औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली. आधी रुग्णाला लाखाच्या वर बिल येत असे, आणि त्यातला मोठा वाटा बनवणाऱ्याच्या नव्हे तर वितरक आणि रुग्णालय यांच्या खिशात जात होता. मेडट्रॉनिकने आपला सर्वांत नवा स्टेंट भारतातून काढून घेण्याची परवानगी मागितली. मुंबई-पुण्यातल्या ज्या घरांनी अँजिओप्लास्टीचे बिल भरले आहे, त्यांना ‘रास्त नफा’ हे चौथे कलम किती ताणता येते याची कल्पना असेल. पण कंपनी इथून गेली नाही. उलट हैदराबादेत अमेरिकेबाहेरचे आपले मोठे संशोधन केंद्र तिने उभे केले. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या ऐन धामधुमीत, एका व्हेंटिलेटरचा सगळा आराखडाही कंपनीने जगासाठी खुला केला.

बॅकन २०१८ साली हवाईत वारला, वयाच्या ९४ व्या वर्षी, स्वतः पेसमेकर बाळगून. त्याच्या शेवटच्या वर्षांत कंपनीने तारेचा प्रश्नच मिटवणारे यंत्र आणले. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला मायक्रा हा पेसमेकर व्हिटॅमिनच्या मोठ्या कॅप्सूलएवढा आहे. वजन दोन ग्रॅमपेक्षा कमी, तार नाही, छातीवर छेद नाही. मांडीतल्या शिरेतून नळीने नेऊन तो थेट हृदयाच्या आत सोडतात आणि बारीक आकड्यांनी तो तिथे पकड घेतो. बॅटरी सरासरी बारा वर्षे चालेल असा अंदाज आहे. ती संपल्यावर जुनी कॅप्सूल बंद करून तिथेच ठेवायची आणि शेजारी दुसरी बसवायची, असा बेत आहे, कारण एव्हाना हृदयाच्या ऊतींनी ती वेढलेली असणार. पहिल्या खेपेतल्या रुग्णांची ती वेळ या दशकाच्या अखेरीस येऊ लागेल. तोवर हे रुग्ण नोंदवहीत ठेवून त्यांच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवण्याचे काम चालू आहे.